वर्गणीदारांचं संगीत

म्हैसूरला आलेला मराठी प्रवासी राजवाडा बघतो, चामुंडीच्या डोंगरावर जाऊन येतो आणि जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात सावळाराम हळदणकरांच्या निरांजन घेतलेल्या बाईसमोर हमखास रेंगाळतो. आपल्या सावंतवाडीच्या चित्रकाराचं जलरंगातलं चित्र इतक्या लांब इतक्या मानाने जपलेलं पाहून प्रत्येकाला बरं वाटतं. तिथून अग्रहार चालत जाण्याइतका जवळ आहे. रामानुज रोड, चौकातलं एकशे एक गणपतींचं देऊळ, देवळाजवळची फुलांची दुकानं, मधूनच टिकून राहिलेलं एखादं कौलारू घर, असा हा भाग. मी इथे राहतो आणि हे पुस्तकही इथेच तयार झालं. पुस्तकाचा विषय ऐकून बहुतेक जण विचारतात, की पाश्चात्त्य रेकॉर्डांचा, त्यातही कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या संगीतकारांच्या मोजक्या प्रतींचा, म्हैसूरशी काय संबंध? ही प्रस्तावना बरीचशी त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

विषय आधी नीट सांगतो. आपल्याकडे रेकॉर्ड जमवणारे पुष्कळ आहेत. बालगंधर्वांची नाट्यगीतं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साडेतीन मिनिटांच्या ठुमऱ्या, लताबाईंची सुरुवातीची गाणी यांमागे आयुष्य घालवलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली ती अशाच मंडळींमुळे. पण हा सगळा शोध गाण्याचा, गायकाचा. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा, म्हणजे दोन संवादांच्या मधे किंवा दार उघडताना वाजून जाणाऱ्या संगीताचा शोध घेणारे आपल्यात फार थोडे. युरोप-अमेरिकेत आणि जपानात मात्र या संगीतामागे लागलेला मोठा वर्ग आहे. तो ज्या आवृत्त्या घेतो त्या हजार, दोन हजार, फार तर तीन हजार प्रतींच्या असतात, संपल्या की बहुधा पुन्हा निघत नाहीत, आणि पुष्कळदा संगीतकाराचं नावही चार लोकांपलीकडे माहीत नसतं.

ही पद्धत चित्रपटातून आली नाही. तिचं मूळ १९३१ सालच्या लंडनमध्ये आहे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत वॉल्टर लेग नावाचा पंचविशीतला तरुण काम करत होता. ह्यूगो वोल्फ या ऑस्ट्रियन संगीतकाराची गीतं रेकॉर्डवर यावीत ही त्याची तळमळ, पण वोल्फच्या रेकॉर्ड खपणार नाहीत हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. लेगने तोड काढली. रेकॉर्ड काढण्याआधीच वर्गणी गोळा करायची, पाचशे वर्गणीदार झाले तरच कलाकारांना स्टुडिओत बोलवायचं. ह्यूगो वोल्फ सोसायटी अशी उभी राहिली आणि वर्गणीदार मिळाले. पुढे श्नाबेलने वाजवलेल्या बेथोव्हेनच्या सगळ्या पियानो सोनाटाही याच वाटेने रेकॉर्डवर आल्या. दिवाळी अंकासाठी किंवा ज्ञानकोशासाठी आधी पैसे भरणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. ज्ञानकोशकार केतकरांनी आपला प्रचंड प्रकल्प वर्गणीदारांच्या भरवशावर रेटला होता. संगीताच्या बाबतीत आपण ते केलं नाही, एवढाच फरक.

म्हैसूरचा संबंध इथे सुरू होतो. निकोलाय मेटनर हा रशियन पियानोवादक आणि संगीतकार. जन्म १८८०चा, मॉस्कोचा. राखमानिनॉवचा जिवलग मित्र; दोघांनी एकमेकांना एकेक पियानो कन्चेर्टो अर्पण केलेला आहे. राखमानिनॉव जगभर गाजला, मेटनर मागे राहिला. १९२१ साली त्याने रशिया सोडला. जर्मनी, फ्रान्स असं करत तो १९३५च्या सुमाराला लंडनला स्थिरावला. नव्या संगीताच्या वाऱ्याशी त्याचं कधी जमलं नाही आणि ते त्याने लपवलंही नाही; संगीतातल्या फॅशनविरुद्ध त्याने एक अख्खं पुस्तक लिहिलं, ते राखमानिनॉवने छापवून आणलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे जर्मन प्रकाशकाकडून येणारे पैसे थांबले. हृदयविकार जडला. चौदा पियानो सोनाटा, तीन कन्चेर्टो, शंभराहून अधिक गीतं आणि ‘स्काझ्का’ म्हणून ओळखले जाणारे ते अद्भुत छोटे पियानोचे तुकडे लिहिणारा हा माणूस लंडनच्या एका उपनगरात शिकवण्या करून दिवस काढत होता.

त्याच काळात इथे, अग्रहारापासून हाकेच्या अंतरावरच्या राजवाड्यात, जयचामराज वडियार त्याचं संगीत ऐकत होते. १९१९चा जन्म, १९४० साली गादीवर आलेले. लंडनच्या गिल्डहॉल संस्थेची पियानोची परीक्षा त्यांनी दिली होती आणि पियानोवादकच व्हायचं त्यांच्या मनात होतं. राज्य अंगावर आल्याने ते राहून गेलं. त्यांच्या खासगी संग्रहात वीस हजारांच्या आसपास रेकॉर्ड होत्या असं सांगितलं जातं. मेटनरचं सगळं संगीत खुद्द मेटनरकडूनच वाजवून घेऊन रेकॉर्डवर आणायचं, असा बेत त्यांनी केला आणि खर्च उचलला. मेटनर सोसायटी ती ही. संस्थेचं नाव वोल्फ सोसायटीच्या वळणाचं, पण पाठीशी पाचशे वर्गणीदारांऐवजी एक महाराजा.

१९४७ साली, सदुसष्ट वर्षांचा आजारी मेटनर आपले तिन्ही कन्चेर्टो फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर वाजवून गेला. पहिल्याला संचालक जॉर्ज वेल्डन, उरलेल्या दोघांना इसाय डोब्रोवेन. नंतर सोनाटा, गीतं, छोट्या रचना झाल्या. काही गीतं एलिझाबेथ श्वार्ट्झकॉफने गायली, साथीला स्वतः मेटनर. तीन अल्बम निघाले. सगळ्या रचना घ्यायचा बेत होता, तो पुरा झाला नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये मेटनर गेला. तिसरा कन्चेर्टो त्याने म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला आहे. स्वरलिपीच्या पहिल्या पानावर म्हैसूर हे नाव छापलेलं पाहिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

या अल्बमांमधली एखादी रेकॉर्ड हातात आली तर ती कशी पाहावी, ते इथे सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या नोंदी त्यावर उभ्या आहेत. रेकॉर्ड बारा इंची, ७८ गतीची, हाताला चांगली जड. एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आसपासच संगीत मावतं, त्यामुळे अर्ध्या तासाहून मोठा कन्चेर्टो आठ-दहा बाजूंवर तुकडे करून बसवावा लागतो. कुठे तोडायचं हे वादक आणि ध्वनिमुद्रक मिळून ठरवत, आणि नीट ऐकलं तर कळतं, की बाजू संपण्याआधीचा स्वर मेटनर किंचित लांबवतो, म्हणजे रेकॉर्ड उलटून लावेपर्यंत तो कानात राहावा. सीडीवर हे सांधे जुळवून टाकलेले असतात. लेबलाभोवतीचा जो गुळगुळीत पट्टा असतो, जिथे खाचा संपतात, तो दिव्याखाली तिरपा धरावा. तिथे बारीक अक्षरांत मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला दिसतो. लंडनच्या बारा इंची रेकॉर्डांवर त्या काळी सुरुवातीला दोनचा आकडा आणि ‘ईए’ ही अक्षरं असत, मग क्रमांक, मग तो कितवा टेक होता त्याची खूण. लेबल कागदाचं असतं, ते बदलता येतं, चुकीचंही लागतं. कोरलेला क्रमांक मात्र बदलत नाही. दोन संग्राहकांकडे एकच रेकॉर्ड आहे का, की एकाच बाजूचे दोन वेगळे टेक, याचा निकाल या पट्ट्यावर लागतो.

आणखी एक. ही रेकॉर्ड लाखेची आहे. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं मिश्रण. स्पिरिटने ती कधीही पुसू नये, लाख विरघळते. जगातल्या लाखेचा मोठा भाग छोटानागपूरच्या जंगलातून जात असे. तेव्हा लंडनला उमटलेला मेटनर ज्या पदार्थावर उमटला, तो पदार्थ बहुधा आपल्याच देशातून गेलेला होता आणि रेकॉर्ड होऊन म्हैसूरला परत आला होता.

महाराजांच्या संग्रहातली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र विक्रीची नव्हतीच. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिखार्ड श्ट्राउसची ‘चार अखेरची गीतं’ पहिल्यांदा गायली गेली. गायिका किर्स्टन फ्लागस्टाड, संचालक फुर्टव्हेंगलर, ऑर्केस्ट्रा फिलहार्मोनिया. श्ट्राउस आठ महिन्यांपूर्वीच वारला होता. या कार्यक्रमासाठी जयचामराज वडियारांनी ४८०० डॉलरची हमी दिली होती. त्यांना स्वतःला जाता येणार नव्हतं, म्हणून कार्यक्रम ॲसिटेटच्या तबकड्यांवर मुद्रित करून म्हैसूरला पाठवायचा असं ठरलं होतं. ॲसिटेट ही मऊ तबकडी. दर वेळी सुई फिरली की थोडं संगीत खरवडून निघतं. त्या इतक्या झिजल्या, की पहिल्यांदा एलपीवर आल्या तेव्हा ऐकणाऱ्यांची निराशाच झाली. संगणकाच्या मदतीने त्या पुष्कळ साफ झाल्या त्या २००७ साली आणि पुन्हा २०१४ साली. विसाव्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या गीतांपैकी काहींचा पहिला उच्चार आज आपल्याला ऐकू येतो, त्यामागे एका श्रोत्याची घरी बसून ऐकण्याची इच्छा आहे.

राजाचा पैसा प्रजेचा, तो लंडनच्या वाद्यवृंदावर का खर्च व्हावा, हा प्रश्न वाजवी आहे आणि मी तो टाळत नाही. लेगच्या सांगण्यानुसार फिलहार्मोनियाला वर्षाला दहा हजार पौंड, असे तीन वर्षं द्यायचं महाराजांनी मान्य केलं होतं. संस्थान विलीन होत होतं आणि रक्कम लहान नव्हती. दुसऱ्या बाजूला, याच माणसाने श्रीविद्येला वाहिलेल्या ९४ कर्नाटकी कृती रचल्या, वासुदेवाचार्यांसारख्या वाग्गेयकाराचा सहवास मिळवला, आणि इथल्या दरबाराने अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ यांचा सन्मान कधीच मोजून केला नव्हता. तरीही माझं मत पाचशे वर्गणीदारांच्या बाजूने पडतं. एका दात्याच्या मर्जीवर उभं राहिलेलं काम दात्याची परिस्थिती बदलली की थांबतं. मेटनरच्या उरलेल्या रचनांचं तेच झालं. पाचशे जणांपैकी पन्नास गळाले तरी साडेचारशे उरतात.

चित्रपटसंगीताकडे वळताना पुन्हा म्हैसूरच आडवं येतं, या वेळी हत्तीखान्यातून. साबू हा करापूरचा मुलगा, जन्म १९२४चा. बाप म्हैसूर संस्थानात माहूत. बाप गेला आणि पोरगा राजाच्या हत्तीखान्यात कामाला लागला. तिथून रॉबर्ट फ्लाहर्टीच्या मंडळींनी त्याला ‘एलिफंट बॉय’साठी उचललं. तो १९३७ साली आला, मग १९४०चा ‘द थीफ ऑफ बगदाद’, मग १९४२चा ‘जंगल बुक’. या शेवटच्या दोघांचं संगीत मिक्लोश रोझा या हंगेरियन संगीतकाराचं. ‘जंगल बुक’चं संगीत ७८ गतीच्या रेकॉर्डांच्या संचातून विक्रीला आलं. रोझा स्वतः ऑर्केस्ट्रा चालवतो आहे आणि निवेदन करतो आहे साबू. अमेरिकन चित्रपटाचं पार्श्वसंगीत म्हणून रीतसर बाजारात आलेली ही पहिली रेकॉर्ड मानली जाते. म्हणजे आज ज्या छंदात जगभर एवढी उलाढाल होते, त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर म्हैसूरच्या माहुताच्या पोराचा आवाज आहे. मला वाटतं, या शहरात बसून हे पुस्तक करायला एवढं कारण पुरेसं आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. स्टुडिओंना आपल्या संगीताचं फारसं मोल नव्हतं. मूळ फिती हरवत, पुसल्या जात, स्वरलिपीचे गठ्ठे फेकले जात. १९७४ साली एल्मर बर्नस्टीन या संगीतकाराने वर्गणी गोळा करून इतर संगीतकारांच्या विसरल्या गेलेल्या रचना नव्याने वाजवून एलपीवर आणायला सुरुवात केली. १९७९पर्यंत चौदा एलपी निघाल्या. ‘द थीफ ऑफ बगदाद’ त्यात आहे. हिचकॉकने नाकारलेलं, चित्रपटात कधीच न वाजलेलं बर्नर्ड हर्मनचं ‘टॉर्न कर्टन’चं संगीतही आहे. लेगची युक्ती चाळीस वर्षांनी चित्रपटाच्या कामी आली ती अशी. सीडी आल्यावर वारेझ साराबांद, इंट्राडा, फिल्म स्कोअर मंथली, ला-ला लँड यांसारख्या छोट्या कंपन्यांनी मूळ फिती शोधून साफ करून काढायचा सपाटा लावला. अमेरिकेत जुनं मुद्रण पुन्हा विकायचं तर वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागतो. मोजक्या प्रतींसाठी हा मोबदला परवडेल इतका कमी ठेवला गेला, म्हणून कितीतरी आवृत्त्यांवर तीन हजार हा आकडा दिसतो. प्रती मर्यादित असण्यामागे नटवेपणा नाही, हिशेब आहे.

आता एका गोष्टीबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे. प्रती थोड्या म्हटल्या की भाव चढतो, आणि भाव चढतो म्हटलं की वेष्टन न फोडता ठेवून देणारे येतात. क्रमांक टाकलेली सीडी, आत चाळीस पानांची पुस्तिका, त्यात एखाद्या अभ्यासकाने वर्षभर खपून लिहिलेली माहिती, आणि ते सगळं प्लॅस्टिकमध्ये बंद. ज्या संगीतकाराला हयातीत कुणी ऐकलं नाही त्याला मेल्यावर पुन्हा न ऐकण्याची सोय केल्यासारखं आहे हे. या पुस्तकातल्या एकाही नोंदीत मी किंमत दिलेली नाही. रेकॉर्ड कितीला गेली याची माहिती मिळवण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तिच्यावर काय आहे हे सांगणाऱ्या थोड्या.

राहिला आपला प्रश्न. भास्कर चंदावरकरांचं नाव मराठी वाचक ‘घाशीराम कोतवाल’च्या संगीतासाठी घेतो, ते योग्यच आहे. पण १९३६ साली जन्मलेला, रविशंकरांकडे सतार शिकलेला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं शिकवणारा हा माणूस चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा फार मोठा कारागीर होता. कुमार शहानींचा ‘माया दर्पण’, जब्बार पटेलांचा ‘सामना’, मृणाल सेनांचा ‘खंडहर’, अगदी अखेरच्या काळात ‘श्वास’. आणि गिरीश कर्नाड, ब. व. कारंत यांनी मिळून केलेला ‘वंशवृक्ष’. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे मराठी घरांत पोचल्या आहेत, त्यामुळे नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री आणि त्यांची विधवा सून कात्यायनी यांची ओळख मी करून द्यायला नको. कात्यायनी ज्या गाडीने नंजनगूडहून म्हैसूरच्या कॉलेजला येते, ती गाडी आजही अग्रहारापासून फार लांब नसलेल्या रुळांवरून जाते. कन्नड भूमीतली ही कथा, तिचं संगीत पुण्याच्या माणसाचं. नंतर ‘तब्बलियु नीनादे मगने’ आणि ‘ओंदानोंदु कालदल्लि’ या कन्नड चित्रपटांनाही त्यांचंच संगीत आहे.

आपल्याकडे चित्रपटाची रेकॉर्ड म्हणजे गाण्यांची रेकॉर्ड. ‘शोले’चे संवाद रेकॉर्डवर आले आणि तुफान खपले, पण वाद्यांनी केलेलं पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे काढायचा रिवाज पडला नाही. ज्या चित्रपटात गाणीच नाहीत किंवा नावापुरती आहेत, त्याच्या संगीतकाराला रेकॉर्डवर जागाच नव्हती. त्यापुढची अडचण तांत्रिक आहे. संगीत, संवाद आणि आवाज यांचं मिश्रण होऊन सगळं चित्रपटाच्या कडेच्या एकाच ध्वनिपट्टीत जातं. मिश्रण झालं की संगीताची वेगळी फीत बहुतेकदा पुन्हा वापरली जाई, कारण फीत महाग. दुधात विरघळलेली साखर वेगळी काढणं जितकं कठीण तितकंच हे. ज्यांना हॉलिवूडच्या सुट्या फिती मिळाल्या, त्यांनी तीन हजार प्रती काढल्या. आपल्या हाती बहुधा एकत्र झालेली पट्टीच येणार.

म्हणून बर्नस्टीनची वाट मला आपल्यासाठी अधिक खरी वाटते. फिती नसतील, पण त्या सत्रांना वाजवलेले वादक काही अजून आहेत. संगीतकारांच्या वह्या, स्वरलिपी, कुठल्या रिळाला किती सेकंद याचे कागद कुटुंबांच्या पेट्यांत असू शकतात. चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहून, कान देऊन, प्रसंगागणिक संगीत उतरवून घेता येतं. हे काम करणाऱ्याला लागेल तो चांगला स्टुडिओ, डझनभर वाजवणारे, आणि आधी पैसे भरणारे लोक. पाचशे पुरतील.

पुढच्या नोंदी या कामाला उपयोगी पडाव्यात अशा बेताने मांडल्या आहेत. क्रम चित्रपटाच्या नावाने लावलेला नाही, संगीतकाराच्या नावाने लावला आहे. प्रत्येक ठिकाणी मॅट्रिक्स किंवा मुद्रणक्रमांक, प्रतींची छापलेली संख्या, मूळ फीत की नव्याने वाजवलेलं, आणि माहीत असतील तिथे वादकांची नावं दिली आहेत. मेटनर चित्रपटाचा संगीतकार नाही, तरी यादीत तो पहिला आहे. रोझा दुसरा. चंदावरकरांच्या नावाखाली चित्रपट, साल आणि दिग्दर्शक एवढंच आहे. क्रमांकाचा रकाना प्रत्येक ओळीत मोकळा ठेवला आहे, आणि पेन्सिलने लिहिता येईल इतका रुंद.